आधी गुपित, मग पैसे

नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चच्या धर्मग्रामात लग्न ठरलं की मुलामुलीची नावं रविवारच्या मिस्सेत पुकारली जातात. मुलगा कुणाचा, मुलगी कुठल्या धर्मग्रामातली, आणि या लग्नाला कुणाची रास्त हरकत असेल तर त्यानं धर्मगुरूंना कळवावं. बाकांवरच्या निम्म्या लोकांना हे आधीच ठाऊक असतं, उरलेल्यांना घरी पोचेपर्यंत सगळा तपशील कळतो. आजच्या मुलांना हा नुसता उपचार वाटतो. तो सुरू होण्यामागचं कारण मात्र फार रोखठोक होतं. १५६३ साली ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं ‘तामेत्सी’ या नावानं ओळखला जाणारा आदेश काढला. त्यातली तक्रार अशी, की पुरुष एकीशी गुपचूप लग्न करतात, तिला टाकतात आणि दुसरीशी चारचौघांत लग्न लावून मोकळे होतात. पहिलीच्या हाती पुरावा काहीच राहत नाही. उपाय म्हणून तीन वेळा जाहीर पुकारणी, धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर लग्न, आणि त्याची वहीत नोंद, असं सगळं सक्तीचं झालं. वसईच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज काळातली चर्चेस उभी राहत होती, तेव्हाचीच ही गोष्ट.

पुढे त्यात आणखी एक भर पडली. माणसाचं लग्न झालं की त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या वहीतही करतात, नावापुढच्या समासात. म्हणून लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला मागतात तो ताजाच मागतात. कपाटातला, घड्या पडलेला जुना चालत नाही. तो काढल्यानंतर गडी दुसरीकडे लग्न लावून आला असेल, तर जुन्या कागदावर ते कसं दिसणार?

हे एवढं सांगायचं कारण, ही पुस्तिका लग्नाच्या आणि प्रेमाच्या नावाखाली होणाऱ्या ज्या फसवणुकीबद्दल आहे ती साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्याच तक्रारीची आजची आवृत्ती आहे. मधल्या काळात पुकारणारा माणूस गेला आणि हातात फोन आला.

नालासोपारा हे विरारच्या अलीकडचं स्टेशन. तिथल्या एका महिलेनं पोलिसांत तक्रार केली, आणि जुलै २०२४ मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाच्या पोलिसांनी कल्याणमधून ४३ वर्षांच्या एका माणसाला अटक केली. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर ओळख, मग लग्न, आणि मग रोख रक्कम, लॅपटॉप आणि इतर ऐवज मिळून साडेसहा लाख रुपयांना गंडा, अशी फिर्याद होती. तपासात पोलिसांनी सांगितलं ते असं, की हा गृहस्थ २०१५ पासून हेच करत होता, महाराष्ट्र, गुजरात, दिल्ली, उत्तर प्रदेश अशा राज्यांतल्या वीसहून अधिक महिलांशी त्यानं असंच ‘लग्न’ केलं, आणि तो मुद्दाम विधवा आणि घटस्फोटित महिला हेरत असे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. आपण फक्त निवड पाहू. पहिल्या लग्नासाठी घरचे दहा ठिकाणी चौकशी करतात. दुसऱ्या लग्नाला निघालेल्या बाईच्या बाबतीत तेच घरचे म्हणतात, ‘कुणी विचारतंय हेच खूप.’ ठगाला हे माणसांच्या सरासरी स्वभावाचं ज्ञान आपल्याहून जास्त असतं.

वीस स्त्रिया, नऊ वर्षं, चार राज्यं; आणि एकीला दुसरीची खबर नाही. एका गावात हे दोनदासुद्धा जमलं नसतं.

सरकारनं याकडे पाहिलंच नाही असं नाही. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारनं विवाह-संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणी करणाऱ्याची ओळख पटवून घ्या, तो कुठल्या आयपी पत्त्यावरून आला त्याची नोंद वर्षभर ठेवा, हे स्थळ विवाहासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, असं ठळक लिहा, अशा त्या सूचना होत्या. चांगल्याच होत्या. पण आधार कार्डावर माणूस विवाहित की अविवाहित हे लिहिलेलं नसतं. डेटिंग अ‍ॅपवरची निळी खूण तर त्याहून कमी सांगते: सेल्फीतला चेहरा आणि फोटोतला चेहरा एक आहे, बस्स. त्या चेहऱ्याला बायको आहे का, नोकरी आहे का, आणि मुळात त्याचा हेतू काय, याची हमी कुठलीच खूण देत नाही. वाचकांपैकी पुष्कळांना ती खूण म्हणजे पोलिसांचा दाखला वाटते, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

आता पद्धतीकडे येऊ. पुढच्या पानांत तिचे प्रकार तपशिलानं आले आहेत, तेव्हा मी सगळे उगाळत नाही. माझ्या मते त्या सगळ्यांना जोडणारा एकच धागा आहे आणि तो आधी डोक्यात पक्का बसला, तर बाकीचं आपोआप दिसायला लागतं. ठग पैसे मागण्याच्या कितीतरी आधी गुपित मागतो.

अ‍ॅपवर ओळख झाल्यावर दोन-चार दिवसांत तो म्हणतो, इथे नको, व्हॉट्सअ‍ॅपवर ये किंवा टेलिग्रामवर ये. अ‍ॅपवर त्याची तक्रार झाली तर खातं बंद होतं, म्हणून ही घाई. मग सकाळच्या ‘जेवलीस का’पासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत सगळं सुरू होतं. आठवड्याभरात लग्नाची भाषा. आणि मग ते वाक्य येतं: ‘आपलं आत्ताच कुणाला सांगू नकोस, लोक जळतात. मी आल्यावर आपण दोघं मिळून सांगू.’ ऐकणाऱ्याला ते प्रेमाचं वाटतं. त्याचा उपयोग एवढाच असतो, की बहीण, मावशी, मैत्रीण, शेजारचा बँकेतला दादा यांच्यापैकी कुणालाही ‘अगं, पण हा माणूस आहे कोण?’ असं विचारायची संधी मिळू नये. पैशांची मागणी यायला अजून महिना-दोन महिने असतात. तोवर वाट पाहायला त्याची तयारी असते, कारण एका वेळी त्याच्या जाळ्यात पुष्कळ माणसं असतात.

ठगानं रचलेल्या गोष्टी आपल्या भागात अंमळ जास्तच पटतात, आणि त्यालाही कारण आहे. परदेशस्थ लष्करी डॉक्टर, तेलविहिरीवरचा इंजिनियर, जहाजावरचा अधिकारी ही ठगांची जगभरची ठरलेली सोंगं. विदर्भातल्या एखाद्या खेड्यात ‘मी जहाजावर आहे’ हे वाक्य चमत्कारिक वाटेल. वसईत कुणाचा ना कुणाचा मुलगा शिपवर असतो, कुणाचा भाऊ आखातात, कुणाची लेक कॅनडात. शिपवर नेटवर्क नसतं, व्हिडिओ कॉल लागत नाही, सुट्टी पुढे ढकलली जाते, हे आपण घरच्या अनुभवानं जाणतो. त्यामुळे ठगाचं निमित्त आपल्याला निमित्त वाटतच नाही. त्यात जमिनीचा पैसा आला. केळी, पानवेली आणि फुलांची वाडी राखणाऱ्या या पट्ट्यात एखाद्या वाटणीनंतर साध्या घरात एकाएकी मोठी रक्कम येते आणि फेसबुकवर नव्या घराचे, नव्या गाडीचे फोटो चढतात. मुलं परदेशी, जोडीदार वारलेला, घर मोठं आणि संध्याकाळी बोलायला कुणी नाही, अशी माणसं इथे थोडी नाहीत.

मग एक दिवस भेटवस्तू येते. त्यानं लंडनहून पार्सल पाठवलेलं असतं, सोनं, घड्याळ, आयफोन आणि पाकिटात पौंड. दुसऱ्या दिवशी दिल्ली विमानतळावरून ‘कस्टम्स अधिकारी’ बाईंचा फोन. शुल्क भरा. भरल्यावर दंड भरा, पार्सलमध्ये परकीय चलन सापडलं आहे. नाही भरलं तर अटक. इथे प्रेमाचं भीतीत रूपांतर होतं आणि तेही गुपचूपच निस्तरायचं असतं. खरं सीमाशुल्क खातं कुणाच्या खासगी खात्यात फोनवरून पैसे मागत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्या खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्त ओळख क्रमांक, म्हणजे ‘डिन’, असतो आणि तो अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. हे तपासायला पाच मिनिटं लागतात. पण घाबरलेल्या माणसाकडे पाच मिनिटं नसतात, आणि ती नसावीत याचीच काळजी त्या बाई घेत असतात.

कुणी म्हणेल, हे भोळ्या बायकांचं झालं. तसं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत एका ८० वर्षांच्या गृहस्थांचं प्रकरण नोंदलं गेलं. सुरुवात एप्रिल २०२३ मधली, फेसबुकवरच्या एका मैत्रीच्या विनंतीपासून. ती बाई नवऱ्यापासून वेगळी राहणारी, मुलं आजारी. थोडे पैसे गेले. मग तिच्या ओळखीची म्हणून दुसरी आली. मग तिसरी, स्वतःला पहिलीची बहीण म्हणवणारी. ती म्हणाली की पहिली वारली, इस्पितळाचं बिल भरा. आजोबांनी पैसे परत मागितले तर आत्महत्येची धमकी. मग चौथी. जानेवारी २०२५ पर्यंतच्या एकवीस महिन्यांत ७३४ व्यवहार झाले आणि जवळपास ८ कोटी ७० लाख रुपये गेले. चौघी म्हणजे एकच व्यक्ती असावी असा पोलिसांचा संशय. शिल्लक संपल्यावर त्यांनी सुनेकडून दोन लाख घेतले, मग मुलाकडे पाच लाख मागितले, तेव्हा मुलानं विचारलं, कशाला? त्या एका प्रश्नानं सगळं थांबलं. पुढे वैद्यकीय तपासणीत त्यांना स्मृतिभ्रंश असल्याचं निदान झालं.

मला या प्रकरणात ८ कोटींपेक्षा ७३४ हा आकडा जास्त छळतो. ७३४ वेळा एक माणूस एकटा बसून बटण दाबत होता.

अलीकडे ‘मदत कर’ असं कुणी म्हणत नाही. उलट तोच तुम्हाला श्रीमंत करायला निघतो. चुकून आलेल्या संदेशातून किंवा डेटिंग अ‍ॅपवरून ओळख, महिनाभर गोड गप्पा, आणि मग सहज उल्लेख: माझे काका शेअर बाजारात आहेत, मी क्रिप्टोत थोडं करते. एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगतात. थोडे पैसे टाकले की नफा दिसतो, तो काढूनही देतात. हाच सगळ्यात धोकादायक क्षण. स्वतःच्या खात्यात खरे पैसे परत आलेले पाहिले की शंका विरघळते, आणि माणूस मुदत ठेव मोडतो. मोठी रक्कम काढायची वेळ आली की कर भरा, शुल्क भरा, खातं गोठलं आहे. पडद्यावरचा नफा म्हणजे कुणीतरी टाइप केलेले आकडे. या प्रकाराचा उगम चीनमधला, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालातही त्याचा उल्लेख आहे.

हे आकडे टाइप करणारे हात कुणाचे, हेही नंदाखालच्या वाचकानं जाणून घ्यावं, कारण परदेशी नोकरीच्या जाहिराती इथेही येतात. म्यानमारच्या म्यावाडी भागात, कंबोडियात, लाओसमध्ये कुंपण घातलेल्या वसाहती आहेत. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून मुलांना नेतात, सीमेपार उतरवतात, पासपोर्ट काढून घेतात आणि सुंदर मुलीचं सोंग घेऊन दिवसभर संदेश लिहायला बसवतात. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरनं म्यानमारमधून साठहून अधिक जणांची सुटका केल्याचं जाहीर केलं. तेव्हा तुमच्याशी रात्री दोन वाजता ‘झोप येत नाही रे’ म्हणणारी मुलगी म्हणजे मार खाण्याच्या भीतीनं टाइप करणारा आपलाच एखादा पोरगा असू शकतो. यानं तुमचे पैसे परत येत नाहीत. पण ‘तिच्या भावना तरी खऱ्या असतील’ हा जो शेवटचा धागा माणूस सोडत नाही, तो यानं तुटावा.

व्हिडिओ कॉल करून बघा, हा सल्ला आता पुरत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँगच्या पोलिसांनी सत्तावीस जणांच्या टोळीला पकडलं. ती चालत्या व्हिडिओ कॉलमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेनं चेहरे बदलत होती, आणि तिच्या बळींत भारतातलेही पुरुष होते. नुकसान साडेचार कोटी डॉलरांच्या वर. फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहा, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला तर विषय संपला. पण काहीच निघालं नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही. आपल्याकडे त्याहून जुनी आणि पक्की साधनं आहेत. तो ख्रिस्ती असल्याचं सांगतो ना? धर्मग्राम कुठलं विचारा, आणि तिथल्या कार्यालयात फोन करा. कुठल्या शाळेत शिकला, गावात कुणाचा कोण, हे विचारा. इथला माणूस असेल तर तिसऱ्या प्रश्नाला तुमचा कुणीतरी नातेवाईक निघेल. आपल्या कादोडी बोलीत चार वाक्यं बोला. कादोडी अजून तरी कुठल्या टोळीनं शिकून घेतल्याचं ऐकिवात नाही. आणि प्रत्यक्ष भेटा, दिवसा, वर्दळीत, घरी सांगून.

भेटीतही जागा तुम्ही ठरवा. ऑगस्ट २०२४ मध्ये अंधेरीतल्या एका क्लबबद्दल गाजावाजा झाला होता. डेटिंग अ‍ॅपवर जुळलेली मुलगी तिथेच न्यायचा आग्रह धरायची, महागडी पेयं मागवायची, निघून जायची आणि मुलाच्या हातात वीस हजारांपासून साठ हजारांपर्यंतचं बिल यायचं. बिल भरलेले तरुण गप्प बसले, कारण घरी काय सांगणार?

गप्प बसण्यावर चालणारे आणखी दोन प्रकार आहेत. एकात रात्री अनोळखी व्हिडिओ कॉल येतो, समोर बाई कपडे उतरवते, तुमचा चेहरा त्यासह टिपला जातो, आणि सकाळी ‘पोलीस अधिकारी’ पैसे मागतो. राजस्थानातल्या भरतपूर-अलवर आणि हरियाणातल्या नूह भागातल्या टोळ्या यासाठी कुप्रसिद्ध आहेत. २०२२ मध्ये पुण्यात अशा छळाला कंटाळून तरुणांनी जीव दिला, तपास अलवरच्या एका गावापर्यंत पोचला. पैसे दिल्यानं हे थांबत नाही, दर वाढतो. आपले खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘स्टॉप-एनसीआयआय’ या सेवेवर फोटो न चढवता त्याचा निव्वळ डिजिटल ठसा देता येतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारखी माध्यमं तो फोटो अडवू शकतात. दुसरा प्रकार समलिंगी मुलांच्या वाट्याला येतो. अ‍ॅपवरून एकांतात बोलावायचं, मारायचं, चित्रीकरण करायचं, लुटायचं. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. कायद्यानं त्यांना निर्भय केलं, आळीनं अजून केलेलं नाही, आणि लुटारूंचा धंदा त्या फरकावर चालतो. धर्मग्रामातल्या वाचकांसाठीच्या पुस्तिकेत हा परिच्छेद कशाला, असं काहींना वाटेल. ती मुलंही याच धर्मग्रामातली आहेत.

आता आपल्या वाट्याचं बोलू. ठगानं सुरुवातीला गुपित लादलं, पण शेवटचं गुपित आपण लादतो. फसलेली बाई तोंड उघडते तेव्हा पहिलं वाक्य काय ऐकते? ‘या वयात तुला हे सुचलं कसं?’ नोव्हेंबर २०२२ मध्ये वसईच्या एका मुलीच्या दिल्लीत झालेल्या खुनाची बातमी देशभर गाजली. डेटिंग अ‍ॅपवर झालेली ओळख, हा तपशील प्रत्येक वार्तापत्रात होता. तो खून होता, पैशांची फसवणूक नव्हे. दोन्ही एकाच पिशवीत भरू नयेत. पण त्या आठवड्यांत आपल्या गप्पांचा रोख मारणाऱ्यापेक्षा मारली गेली तिच्या वागण्यावर जास्त होता. घराघरांतल्या मुलींनी ते ऐकलं आणि त्यातून धडा घेतला. अ‍ॅप बंद करण्याचा नव्हे, घरी न सांगण्याचा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समधल्या त्रेपन्न वर्षांच्या एका महिलेनं दूरचित्रवाणीवर सांगितलं, की अभिनेता ब्रॅड पिट आपल्या प्रेमात आहे आणि आजारी आहे असं भासवून तिच्याकडून ८ लाख ३० हजार युरो काढले. देशभर तिची इतकी टर उडवली गेली, की वाहिनीला तो कार्यक्रमच मागे घ्यावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलनं या गुन्ह्यांची नावंही बळींना हिणवणारी नसावीत असं आवाहन केलं होतं, कारण हिणवलेला माणूस तक्रार करत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे २०२२ या एका वर्षात सुमारे सत्तर हजार लोकांनी अशा फसवणुकीची तक्रार केली, १३० कोटी डॉलर गमावल्याची. सत्तर हजार माणसं मूर्ख नसतात. एकाकीपणाला बुद्धीचा विमा नसतो.

नंदाखालला बोलण्याची सवय नाही असंही कुणी म्हणू नये. हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं गाव. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई’च्या चळवळीत पाण्याच्या टँकरवाल्यांविरुद्ध आणि जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध याच भागातल्या बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा गुंडांची भीती आजच्या अब्रूच्या भीतीहून मोठी होती. तोंड उघडलं ते एकेकट्यानं नव्हे, एकत्र येऊन. जुलै २०२४ मध्ये फादर गेले. त्यांच्या गावानं विहिरीच्या पाण्यासाठी जे केलं ते घरातल्या फसलेल्या माणसासाठी करता येणार नाही, हे मला पटत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीसाठी, ३१९ तोतयेगिरीसाठी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड हे संगणकाद्वारे केलेल्या तोतयेगिरीसाठी. ओळख लपवून किंवा पाळायचंच नाही असं लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्याला न्याय संहितेच्याच ६९ कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बँकेबद्दल मात्र एक गैरसमज दूर व्हायला हवा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम ग्राहकाला संरक्षण देतो ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांत. इथे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेले असतात, म्हणून बँक आपोआप भरून देत नाही. जे वाचतं ते वेगामुळे. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार गेली की रक्कम ज्या खात्यात गेली तिथे ती गोठवण्याचा निरोप बँकांना जातो. ठग तोवर भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून ती पुढे पुढे ढकलत असतो, त्यामुळे पहिले काही तास सोन्याचे. ‘माझे पैसे तुझ्या खात्यात येऊ दे, तू पुढे पाठव’ अशी विनंती प्रियकरानं केली, तर तुम्हीच ते भाड्याचं खातं होता आहात आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतील. पैसे गेल्यानंतर ‘ते परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे वकील आणि सायबर तज्ज्ञ भेटतात. बहुधा ती तीच टोळी असते, तुमचा नंबर तिच्या यादीत असतो.

पुस्तिकेच्या शेवटच्या भागात घरच्यांनी कसं बोलावं यावर चार पानं आहेत. ती आधी वाचा, असं मी सुचवेन. आई किंवा बाबा फोन उलटा ठेवू लागले, मुदत ठेव मोडली, कुणाचं तरी नाव घेताना चेहरा उजळतो, तर फोन हिसकावू नका. ‘तो ठग आहे’ हेही लगेच म्हणू नका; त्या वाक्यानं माणूस ठगाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. ‘आम्हालाही भेटव की’ म्हणा. खरा असेल तर भेटेल. खोटा असेल तर त्या एका मागणीनं चिडेल, रडेल, धमकी देईल, आणि ते पाहून पुढचं तुमचं माणूस स्वतःच समजेल.

आणि ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत त्यांना एक विनंती. संदेश पुसू नका, त्याला ब्लॉक करण्याआधी नंबर, खाते क्रमांक, व्यवहारांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. रक्कम पाच हजार असो वा पाच लाख, १९३० वर फोन करा किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. कुठल्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गानं दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एकट्यानं जायचा धीर होत नसेल तर घरातल्या किंवा आळीतल्या एका माणसाला आज संध्याकाळी सांगा आणि उद्या सकाळी त्याला बरोबर घेऊन जा.